गुणाला गुण नसतो

एका शास्त्रीय संज्ञेला एकच अर्थ असावा, तो सर्वांना सारखाच कळावा आणि उद्याही तोच राहावा, ही परिभाषेकडून असलेली किमान अपेक्षा आहे. आणि ही अपेक्षा सर्वांत जास्त शास्त्रांत, सर्वांत जास्त काळ आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता धुडकावून लावणारा शब्द मराठीत शोधायचा झाल्यास 'गुण' या दोन अक्षरांपाशी येऊन थांबावे लागते. वैयाकरण, वैद्य, नैयायिक, गणिती, राजनीतिज्ञ, काव्यमीमांसक, ज्योतिषी, जीवशास्त्रज्ञ आणि परीक्षक अशा नऊ मंडळींना एका सभागृहात बसवून 'गुण म्हणजे काय' एवढेच विचारले, तर नऊ उत्तरे येतील, प्रत्येक उत्तर आपापल्या शास्त्रात निर्दोष असेल, आणि दाराशी चहाचे पेले गोळा करणारा माणूस 'कालच्या काढ्याचा काही गुण आला का' असे कुणाला तरी विचारून दहावे उत्तर देऊन जाईल. ही अनेकार्थता हा शब्दाचा दोष मानावा की गुण, हे ठरवण्याचीही सोय नाही, कारण प्रश्न मांडतानाच आरोपीला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवावे लागते.

या शब्दाच्या मुळाशी दोरी आहे. संस्कृतात 'गुण' म्हणजे सूत, धागा, दोराचा एक पेड, आणि धनुष्याला चढवलेली प्रत्यंचाही. अमरकोशात प्रत्यंचेच्या पर्यायांमध्ये हा शब्द येतो आणि त्याच कोशात स्वयंपाक्याच्या पर्यायांमध्येही येतो. त्यामुळे एखाद्या राजाचे गुण शोधायला निघालेल्या भाषांतरकाराला दरबार, शस्त्रागार आणि मुदपाकखाना अशा तिन्ही ठिकाणी डोकावून यावे लागते. दोरी स्वतःसाठी नसते, ती दुसरे काहीतरी बांधण्यासाठी असते. म्हणून 'गुण' या शब्दाला 'दुसऱ्यासाठी असलेले, दुय्यम' असाही अर्थ चिकटला आणि त्यातून 'गौण' हे विशेषण जन्माला आले. थोडक्यात, ज्या गुणांसाठी माणसे आयुष्यभर झटतात, त्यांचे व्याकरणातले सख्खे अपत्य 'बिनमहत्त्वाचे' या अर्थाचे आहे. महसूल खात्याने हे अपत्य दत्तक घेऊन वाळू आणि मुरूम यांना 'गौण खनिज' असे नाव दिले आहे. ज्या वाळूसाठी नदीपात्रात रात्री-अपरात्री ट्रकांच्या रांगा लागतात, तिला गौण म्हणण्याचा संयम फक्त शासकीय परिभाषेतच आढळतो.

दोरीचा अर्थ लक्षात ठेवला की गणितातला गुण आपोआप सुटतो. दोन पेडांची दोरी ती द्विगुण, तीन पेडांची ती त्रिगुण, आणि म्हणून एखादी वस्तू तितक्या वेळा घेणे म्हणजे तिला तितक्यांनी गुणणे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त ज्या संख्येला गुणायचे ती 'गुण्य' आणि जिने गुणायचे ती 'गुणक' अशी नावे येतात, आणि तीच नावे आजही शाळेत टिकून आहेत. म्हणजे तिसरीतले मूल बे एके बे म्हणते तेव्हा ते नकळत दोर वळण्याचा घरगुती उद्योग करत असते. शून्याने गुणलेल्या राशीला भास्कराचार्य 'खगुण' म्हणतात, कारण 'ख' म्हणजे आकाश, आणि आकाश म्हणजे शून्य. ही संज्ञा पुढे शालेय गणितातून गळाली हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने बरेच झाले, नाहीतर उत्तरपत्रिकेवर भोपळा काढण्याऐवजी 'खगुणसंपन्न' असा शेरा मारण्याची सोय परीक्षकांना मिळाली असती आणि पालकांनी तो अभिमानाने चौकटीत बसवून भिंतीवर लावला असता.

गुणाची सर्वांत कडक शिस्त वैशेषिक दर्शनात आहे. जगात जे जे आहे त्याची पदार्थांच्या मोजक्या वर्गांत विभागणी करणारे हे दर्शन. त्यात द्रव्य हा पहिला वर्ग आणि गुण हा दुसरा. कणादांनी सतरा गुण मोजले, प्रशस्तपादांनी त्यांत सातांची भर घालून चोवीस केले, आणि त्यानंतर ही यादी प्रवेशअर्जाच्या अंतिम तारखेसारखी बंद झाली. या चोवीसांत रूप, रस, गंध, स्पर्श आहेत हे समजण्यासारखे आहे. पण संख्या, सुख, दुःख, द्वेष आणि चक्क अधर्म हेही गुणच आहेत, त्यामुळे एखाद्या गृहस्थाला 'अनेक गुणांचे धनी' म्हणताना वैशेषिकाच्या मनात नेमके काय आहे याची खात्री करून घेणे इष्ट ठरते. 'स्नेह' हाही त्यांतलाच एक गुण. पण तो माणसांत नसून केवळ पाण्यात असतो, आणि त्याचे काम कोरड्या पिठाचा गोळा बांधणे हे आहे. कणीक मळणाऱ्याला हा सिद्धान्त रोज पटतो. मात्र शाळा-महाविद्यालयांतल्या 'स्नेहसंमेलनां'ना तो लावल्यास तिथे मुळात पाण्याच्या टाक्यांनीच एकत्र यायला हवे, आणि टाक्या बहुधा कोरड्या असतात.

या दर्शनाचे गुणाविषयीचे तीन नियम पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की गुण कधीही एकटा राहत नाही. त्याला राहायला द्रव्य लागते, म्हणजे तो जन्मजात भाडेकरू आहे. दुसरा असा की गुणात गुण राहत नाही. पांढरेपणा स्वतः पांढरा नसतो आणि गोडवा चाटून पाहता येत नाही. तिसरा नियम सर्वांत धाडसी आहे. द्रव्य हे आपल्या गुणांचे कारण असते, कारण नेहमी कार्याच्या आधी हजर असावे लागते, म्हणून उत्पन्न झालेले द्रव्य पहिल्या क्षणी पूर्णपणे निर्गुण असते आणि रंग, वास, स्पर्श त्याला दुसऱ्या क्षणापासून लाभतात. चाकावरून उतरलेल्या मडक्याला एक क्षणभर रंगच नव्हता हे मान्य करायला कुंभार तयार होणार नाही. पण तर्काला जे मान्य करावे लागते ते कुंभाराला विचारून करायचे नसते, या तत्त्वावरच दर्शनशास्त्रे उभी आहेत.

सांख्यांनी मात्र या भाडेकरूला थेट घरमालक करून टाकले. त्यांच्या मते सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण वस्तूला चिकटलेली वैशिष्ट्ये नसून वस्तू ज्यांपासून बनते ते घटकच आहेत. दोरीला पेड असतात असे म्हटले तरी पेडांवाचून दोरी म्हणून वेगळे काही उरत नाही, तसे. हे तिन्ही समतोल असतात तेव्हा प्रकृती स्वस्थ असते आणि काहीही घडत नाही. त्यांचा समतोल ढळला, एकाने दुसऱ्याला दाबले, दुसऱ्याने तिसऱ्याची मदत घेतली, की सृष्टीचा व्यापार सुरू होतो. परस्परविरोधी स्वभावाच्या तिघांनी एकत्र येऊन एक कारभार कसा चालवावा, हे समजावण्यासाठी ईश्वरकृष्णांना 'सांख्यकारिके'त दिव्याचा दृष्टान्त द्यावा लागला, ज्यात वात, तेल आणि ज्योत आपापले वैर विसरून उजेड पाडतात; तीन पक्षांच्या सरकारांचा अनुभव घेतलेल्या महाराष्ट्राला दृष्टान्ताची तितकी गरज भासत नाही, फक्त उजेडाची वाट तेवढी पाहावी लागते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात हे तीन गुण ताटात उतरतात. रसाळ आणि स्निग्ध ते सात्त्विक, तिखट, आंबट, खारट आणि फार ऊन ते राजस, आणि शिजवून बराच वेळ झालेले, रस गेलेले, शिळे ते तामस, अशी ही वाटणी आहे. तिच्या काटेकोर अर्थाने मिसळ राजस ठरते, यावर कोल्हापुरात आणि नाशकात दुमत होण्याचे कारण नाही. परंतु रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी केलेला फोडणीचा कुस्करा निखळ तामस ठरतो, आणि तो खाऊन कामावर गेलेल्या कित्येक पिढ्यांच्या आध्यात्मिक प्रगतीचा प्रश्न गंभीर होतो. मिसळीत कालचा पाव बुडवल्यास एकाच घासात रज आणि तम यांचा संगम होतो. सत्त्वगुणाची सोय वर ताक पिऊन करावी लागते.

आयुर्वेदाचा गुण याहून व्यवहारी आहे. वाग्भटांनी गुरू-लघू, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष, मृदू-कठीण अशा दहा जोड्यांत वीस गुण मांडले. चरकसंहितेत बाकीचे गुणही धरले तर हिशेब एक्केचाळीसावर जातो. या जोड्यांत 'गुरू' म्हणजे पचायला जड आणि 'लघू' म्हणजे पचायला हलका, त्यामुळे मूग लघू आणि उडीद गुरू. वैशेषिकांकडेही गुरुत्व आहे, पण तिथे ते वस्तू खाली पडण्याचे कारण आहे. वरवर भिन्न दिसणारे हे दोन अर्थ पुरणपोळीच्या बाबतीत एक होतात, कारण चौथी पोळी पोटात गेल्यावर खाणारा माणूस जो आडवा होतो, तो वैद्यकाच्या गुरुत्वाने झाला की पदार्थविज्ञानाच्या, हे सांगणे दोन्ही शास्त्रांच्या पलीकडचे आहे. बोलण्यातल्या मराठीने मात्र वैद्यकातल्या गुणाला द्रव्यात बसू न देता पाहुणा केले. औषधात गुण 'असतो' असे म्हणण्याऐवजी औषधाचा गुण 'येतो' असे म्हटले जाते, तो कधी लवकर येतो, कधी उशिरा, कधी येतच नाही, आणि आला तर त्याचे श्रेय औषधाऐवजी डॉक्टरांच्या 'हातगुणा'ला दिले जाते. न आल्यास मात्र दोष औषधाचा, पथ्याचा किंवा सुनेच्या स्वयंपाकाचा असतो.

व्याकरण आणि राजनीती या दोन क्षेत्रांत गुणाने जो घोळ घातला आहे, त्याला तोड नाही. पाणिनींनी अष्टाध्यायीच्या दुसऱ्याच सूत्रात 'गुण' हे अ, ए आणि ओ या तीन स्वरांचे नाव म्हणून जाहीर केले. त्यात चांगले काय आणि वाईट काय याचा प्रश्नच नाही, जसा सदनिकेच्या क्रमांकात तिथे राहणाऱ्यांचा स्वभाव शोधायचा नसतो. यावरूनच शालेय व्याकरणात गण आणि ईश मिळून गणेश, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय होतो, त्याला गुणसंधी म्हणतात. म्हणजे वैयाकरणांकडे संधी हे घर आहे आणि गुण हा त्यातला एक प्रकार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परराष्ट्रनीतीची सहा साधने सांगितली आहेत आणि त्यांना एकत्रितपणे 'षाड्गुण्य' म्हणतात: तह करणे तो संधी, युद्ध पुकारणे तो विग्रह, गप्प बसून राहणे ते आसन, चाल करून जाणे ते यान, बलाढ्याचा आश्रय घेणे तो संश्रय, आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी भांडणे तो द्वैधीभाव. इथे घर गुणाचे आहे आणि संधी त्यातला एक प्रकार झाला आहे. व्याकरणात गुण हा संधी, राजनीतीत संधी हा गुण, आणि आजच्या मराठीत संधी म्हणजे जी चालून येते आणि जिचे सोने करायचे असते ती. राजकारणी माणसाला हे तिन्ही अर्थ एकाच वेळी समजत असावेत असे त्याच्या वागण्यावरून दिसते. शाळेत 'पुढील समासांचा विग्रह करा' असा आदेश मिळालेली मुले कौटिल्याच्या परिभाषेत समासांवर युद्ध पुकारत असतात, आणि निकाल पाहता बहुतेक वेळा समास जिंकतात. द्वैधीभावाला गुण म्हणण्याइतका मोकळेपणा कुठल्याही आधुनिक राजकीय पक्षाच्या जाहीरनाम्यात सापडत नाही; आचरणाबाबत मात्र परंपरा अखंड आहे.

काव्यशास्त्रात गुणांची संख्या शेअर बाजारासारखी चढली आणि उतरली. भरतांनी काव्याचे दहा गुण सांगितले. वामनांनी शब्दाचे दहा आणि अर्थाचे दहा असे वीस केले. भोजाने शब्दाचे चोवीस आणि अर्थाचे चोवीस असा भाव चढवला. आणि त्याच अकराव्या शतकातल्या मम्मटांनी सगळा फुगवटा काढून टाकून माधुर्य, ओज आणि प्रसाद हे तीनच शिल्लक ठेवले. गुण शब्दांत नसून रसात असतो, जसे शौर्य शरीरात नसून आत्म्यात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. धिप्पाड देह पाहून त्याला शूर समजणारे लोक अक्षरांची जुळणी पाहून तिला मधुर समजतात, हा त्यांचा टोला मिशांवरून पराक्रम मोजणाऱ्या प्रत्येक समाजाला लागू पडतो. तरीही कोणती अक्षरे कोणत्या गुणाला पोषक, हे त्यांनी सांगून ठेवलेच: माधुर्याला आपापल्या वर्गाचे अनुनासिक डोक्यावर घेतलेली व्यंजने चालतात, पण ट-ठ-ड-ढ चालत नाहीत, ती ओजाची मालमत्ता. हा नियम मराठी ताटाला लावल्यास पेढा, लाडू आणि श्रीखंड हे तिन्ही पदार्थ माधुर्याच्या कसोटीवर नापास होऊन ओजस्वी ठरतात, आणि कांदा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होतो.

जैन दर्शनात गुण चढायच्या पायऱ्यांवर दिसतो. आत्म्याच्या शुद्धीच्या चौदा अवस्थांना तिथे 'गुणस्थान' म्हणतात. मोह समूळ न उपटता केवळ दाबून ठेवून जो जीव वर चढतो, तो अकराव्या गुणस्थानापर्यंत पोचतो, पण दाबलेला मोह पुन्हा डोके वर काढतो आणि तिथून त्याची घसरण अटळ असते. मोह उपटत जाणारा जीव मात्र दहाव्या गुणस्थानावरून थेट बाराव्यावर जातो, अकरावे त्याला लागतच नाही. दहावीनंतर अकरावीला फारसा अर्थ नसतो, तिथे रमणारा खाली येतो आणि शहाणा थेट बारावीच्या तयारीला लागतो, हे महाराष्ट्रातल्या शिकवणी वर्गांनी अलीकडे लावलेले शोध आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी जैन कर्मग्रंथ चाळणे उपयुक्त ठरेल.

आधुनिक विज्ञान मराठीत आले तेव्हा भाषांतरकारांनी या राबत्या शब्दाला आणखी कामे लावली. पदार्थाचे ते 'गुणधर्म', प्रमाण दाखवणारा आकडा तो 'गुणांक', आणि पेशीच्या केंद्रकात आनुवंशिकतेचा वारसा वाहणारे धागे ती 'गुणसूत्रे'. वाल्डेयर या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ साली या धाग्यांना दिलेले मूळ नाव 'रंगीत देह' अशा अर्थाचे आहे, कारण ते रंगद्रव्य चटकन शोषून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसतात. मराठीत रंग गेला आणि गुण आला; पण वैशेषिकांच्या यादीत रंग, म्हणजे रूप, हाच पहिला गुण असल्यामुळे हे भाषांतर चुकूनही बरोबर राहिले. शिवाय गुण म्हणजे धागा आणि सूत्र म्हणजेही धागाच, त्यामुळे 'गुणसूत्र' हा शब्द 'धागादोरा' या शब्दाच्या जवळ जातो, आणि मुलाच्या दंडाला धागादोरा बांधणाऱ्या आजीला आपण आनुवंशशास्त्राच्या उंबरठ्यावर उभे आहोत याची कल्पना नसते. माणसाच्या पेशीत ही सूत्रे अठ्ठेचाळीस असतात असे कित्येक वर्षे मानले जात होते. १९५६ साली जो-हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी ती सेहेचाळीस असल्याचे दाखवून दिले. बटाट्यात मात्र ती अठ्ठेचाळीसच आहेत आणि त्यांत कुणालाही कपात करता आलेली नाही. गुणांच्या सूत्रांत बटाटा माणसापेक्षा दोनांनी पुढे आहे, ही गोष्ट वड्यापासून उपवासाच्या भाजीपर्यंतची त्याची कामगिरी पाहता तितकीशी अनपेक्षित म्हणता येत नाही.

एवढी शास्त्रे पालथी घातल्यानंतरही आजच्या मराठी घरात 'गुण' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो उत्तरपत्रिकेवरचा आकडा, आणि इथेच कणादांचा पहिला नियम संकटात सापडतो. संख्या हा वैशेषिकांनी मान्य केलेला गुण आहे, म्हणून चौऱ्याण्णव हा आकडा गुण आहे याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण त्याचे द्रव्य कोणते? तो विद्यार्थ्यात राहतो म्हणावे, तर पुनर्मूल्यांकनात विद्यार्थ्याला हातही न लावता तो वाढतो. तो उत्तरपत्रिकेत राहतो म्हणावे, तर तीच उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडे गेली की तो कमी होतो. परीक्षकात राहतो म्हणावे, तर शिकवणी वर्ग तो विद्यार्थ्याच्या छायाचित्रासह चौकातल्या फलकावर टांगतात. या शास्त्रार्थाचा निकाल अखेर आईवडिलांनी लावला आहे, कारण निकालाच्या दिवशी फोनवर ऐकू येणारे वाक्य 'आम्हाला चौऱ्याण्णव पडले' असे प्रथमपुरुषी अनेकवचनी असते. चौतीस पडल्यास मात्र गुण तत्काळ आपल्या मूळ आश्रयाकडे परततो आणि वाक्य 'याला चौतीस पडले' असे तृतीयपुरुषी एकवचनी होते. शास्त्रकारांनी गुणाला द्रव्याचा आश्रित मानले. गुणपत्रिकेने द्रव्याला गुणाचा आश्रित करून दाखवले, आणि प्रवेशाच्या रांगेत उभे असलेले द्रव्य कागदाच्या त्या भेंडोळ्याशिवाय अस्तित्वातच नसते. हेच विद्यार्थी वर्षातून एकदा 'विविध गुणदर्शन कार्यक्रमा'त अंगभूत कलागुणांना वाव देतात, तेव्हा त्या गुणांचे मात्र गुण मिळत नाहीत. गुणात गुण राहत नाही, हा दुसरा नियम शिक्षणव्यवस्थेने इतक्या निष्ठेने पाळला आहे.

परीक्षेच्या गुणांतून सुटलेला जीव पत्रिकेच्या गुणांत अडकतो. मेलनाच्या अष्टकूट पद्धतीत वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, राशिकूटाला ७ आणि नाडीला ८ असे गुण असतात, त्यांची बेरीज ३६ होते आणि किमान १८ जुळावे लागतात. दहावी उत्तीर्ण व्हायला शंभरांपैकी पस्तीस पुरतात, विवाहाला मात्र निम्मे लागतात, हा कडक निकष अनुभवी लोकांनी ठरवला असावा. हे गुण ना वराचे असतात ना वधूचे, ते दोघांच्या जोडीत राहतात. आणि वैशेषिकांकडे दोन द्रव्यांत मिळून राहणारा असा एक गुण खरोखरच आहे, त्याचे नाव संयोग. यादीत त्याच्या लगेच पुढचा गुण 'विभाग' आहे आणि त्याचे काम संयोग नष्ट करणे हे आहे, ही कणादांची दूरदृष्टी कुटुंब न्यायालयांच्या स्थापनेपूर्वीची आहे. मराठी भाषेने यावर स्वतःची टीपही जोडून ठेवली आहे: पत्रिकेत पैकीच्या पैकी म्हणजे ३६ गुण जुळले तर तो योग दुर्मीळ आणि उत्तम, पण व्यवहारात दोघांचा 'छत्तीसचा आकडा' आहे म्हटले की त्यांचे पटत नाही असे समजायचे, कारण देवनागरीतले ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात. ज्योतिषी बेरीज पाहतो, भाषा बसण्याची पद्धत पाहते.

लग्नानंतर नव्या सुनेबरोबर घरात येतो तो 'पायगुण'. हा राहतो पायात आणि परिणाम करतो सासऱ्यांच्या बढतीवर, म्हशीच्या दुधावर आणि दिराच्या रखडलेल्या नोकरीवर. इतक्या अंतरावर आणि कोणत्याही माध्यमाविना काम करणारा दुसरा गुण भौतिकशास्त्रालाही पटकन सापडणार नाही. पाय दोन्ही पक्षांना असूनही पायगुण केवळ सुनेलाच का असतो, जावयाच्या पायात तो का उतरत नाही, याचे स्पष्टीकरण चोवीस गुणांच्या यादीत नाही, फक्त त्यातल्या 'अधर्म' या नोंदीपाशी थोडा वेळ थांबावेसे वाटते. गोठ्यातही हाच शब्द वेगळ्या रूपाने भेटतो. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण वैशेषिकांना दोनदा खोटे पाडते: एकतर वाण, म्हणजे रंग, हाही त्यांच्या लेखी गुणच आहे, आणि दुसरे म्हणजे गुण एका द्रव्यातून उठून शेजारच्या द्रव्यात जात नाही. गावकऱ्यांच्या अनुभवात तो पडशासारखा लागतो, आणि विशेष म्हणजे लागणारा गुण नेहमी वाईटच असतो. पवळ्याच्या शेजाराने ढवळ्या सुधारल्याची एकही म्हण नाही. घरातला कर्ता पुरुष 'गुण उधळून आला', असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या उधळणीत सत्त्व, माधुर्य किंवा प्रसाद यांपैकी काहीही नसते हे ऐकणाऱ्याला परिभाषाकोश न उघडता समजते.

या सर्व अर्थांतून एक गोष्ट मात्र सुटत नाही, ती म्हणजे मुळातली दोरी. प्रत्यंचा बाणाला धनुष्याशी जोडते, गुणक संख्येला संख्येशी, संयोग वराला वधूशी आणि गुणसूत्र नातवाला आजोबांच्या टकलाशी; गुण कुठेही गेला तरी कशाला तरी बांधलेला असतो आणि कुणाला तरी बांधून ठेवतो. त्या बांधणीतून सुटलेल्याला दर्शनांनी 'निर्गुण' म्हटले आणि ते पद सर्वोच्च मानले, तर शाळेने त्यालाच पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात बसवले.

वैशेषिकांचा आणखी एक सिद्धान्त असा की आश्रय नष्ट झाला की त्यातले गुणही नष्ट होतात. मडके फुटल्यावर त्याचा तांबूसपणा मागे शिल्लक राहत नाही. या सिद्धान्ताचे खंडन करण्यासाठी दुसऱ्या दर्शनाची गरज नाही, कोणतीही शोकसभा पुरेशी आहे. ज्या गृहस्थाला हयातीत घरच्यांनी 'काय एकेक गुण आहेत' एवढ्याच वाक्याने ओळखले, ज्याच्यात शेजाऱ्यांना एकही दिसला नाही आणि कचेरीने ज्याच्या गोपनीय अहवालात 'साधारण' एवढाच शेरा लिहिला, त्याच्या हार घातलेल्या छायाचित्रासमोर एकामागून एक वक्ते उभे राहतात आणि औदार्य, विनय, विनोदबुद्धी, वक्तशीरपणा असे गुण मोजू लागतात, त्यांची संख्या चोवीसांवर थांबत नाही आणि एक्केचाळीसांवरही थांबत नाही. द्रव्य पहिल्या क्षणी निर्गुण असते हे वैशेषिकांनी सिद्ध केले. ते गुणसंपन्न होते त्या क्षणी स्वतः हजर नसते, एवढी दुरुस्ती तेवढी करून घ्यावी लागेल.